दोरी सैल पडली की पाय पुढे

या महिन्यात कुत्र्यांबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत. पहिलं लांब आहे, पण त्यातली एकही ओळ गाळावीशी वाटली नाही. फिरायला नेलेल्या कुत्र्याने ओढलं आणि माणूस पडला, अशी पत्रं मला सतत येतात. बहुतेक वेळा पडणारी घरातली बाई असते आणि कुत्रं दुसऱ्याच कुणीतरी आणलेलं असतं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही म्हापशाजवळ राहतो. माझं वय ५८. मुलगा तारवटी आहे, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने लॅब्रडॉरचं पिल्लू आणलं. नाव शेरू. आता त्याचं वजन ३१ किलो आहे आणि त्याला फिरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. घरात तो अगदी गुणी. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की असा ओढतो की खांदा निखळेल असं वाटतं. गेल्या महिन्यात सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला, शेरू सायकलकडे झेपावला आणि मी चिऱ्यांच्या पायरीवर आपटले. उजवं मनगट मोडलं, अजून प्लास्टर आहे. तेव्हापासून शेरू आंगणात माडाला बांधलेला असतो आणि दिवसभर केविलवाणा ओरडतो. शेजारी म्हणतात, देऊन टाका. कुत्री शिकवणारे एक गृहस्थ येऊन गेले. गळ्यात आवळणारी साखळी घाला, चार हिसके दिले की सरळ होईल, असं ते म्हणाले. मुलगा फोनवर सांगतो, मी येईपर्यंत थांब. मला यातलं काहीच पटत नाही. इतकं मोठं झालेलं कुत्रं आता सुधारेल का?

उत्तर : आधी हाताचं बोलू. प्लास्टर निघालं म्हणून लगेच दोरी हातात घेऊ नका. डॉक्टरांना ‘फिरायला जाऊ का’ असं विचारू नका. ‘३१ किलोचं कुत्रं धरू का’ असं विचारा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतील. तोपर्यंतचे आठवडे फुकट जाणार नाहीत, कारण या शिकवणीचा पहिला भाग घरातच, दोरीशिवाय आणि डाव्या हाताने होण्यासारखा आहे.

सुधारेल का? हो. दोन वर्षं म्हणजे लॅब्रडॉरचं पोरवय. आमच्या वाड्यावरची एक कुत्री नवव्या वर्षी सैल दोरीवर चालायला शिकली, मीच तिला शिकवलं. पण शेरू बिघडला आहे, हे मनातून काढून टाका. तो एक गोष्ट फार चांगली शिकला आहे : ओढलं की पुढे जाता येतं. तीन महिन्यांचा असताना त्याने ओढलं तेव्हा सगळे कौतुकाने त्याच्यामागे गेले असतील. दोरी ताणली गेली आणि तरीही पाऊल पुढे पडलं, हा धडा त्याने तेव्हापासून रोज शेकडो वेळा गिरवला आहे. पोदेराच्या दिवशीही तो सायकलपर्यंत पोचलाच असणार. म्हणजे त्याच्या हिशेबाने त्या दिवशीही ओढणं कामाला आलं.

त्याला घरातला मालक व्हायचंय म्हणून तो ओढतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कारणं साधी आहेत. चार पायांची सहज चाल आपल्या चालीपेक्षा जलद असते. आपल्या बेताने चालणं हे त्याच्यासाठी कष्टाचं काम आहे. शिवाय अंगावर एका बाजूने दाब आला की त्याच्या उलट जोर लावायचा, ही शरीराची आपसूक खोड असते. म्हणून आपण मागे खेचलं की तो आणखी पुढे रेटतो. आणि नाक. सकाळच्या रस्त्यावर रात्री कोण कोण गेलं, कुठलं मांजर कुंपणावर बसलं, कुणाच्या परसात मासळी साफ झाली, हे सगळं त्याला वासावरून कळतं. दिवसभरातली त्याची तेवढीच अर्धा तासाची बातमी असते.

आता ज्याने मला तुमचं पत्र परत परत वाचायला लावलं त्याबद्दल. त्याला माडाला बांधू नका. डोक्यावर नारळ किंवा चुडत पडेल ही भीती तर आहेच. पण बांधलेलं कुत्रं दिवसभर काय करतं? दोरीच्या टोकापर्यंत जातं आणि ताणतं. फाटकावर कुणी आलं, ताण. खार पळाली, ताण. तुम्हाला जे नको आहे त्याचाच सराव तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत करतो आहे. आंगणाला गडगा असेल तर फाटक लावून मोकळा ठेवा. नसेल तर घरात तुमच्या पायापाशी राहू दे. घरात तो गुणी आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे.

आवळणाऱ्या साखळीबद्दल मला जे सांगायचं आहे ते माझ्याच घरातलं आहे. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले त्या वर्षी आमच्याकडे मोती होता, गावठी, पिवळसर, अंगाने भक्कम. तोही ओढायचा. एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून मी त्याच्या गळ्यात ती साखळी घातली आणि सांगितले तसे हिसके दिले. पंधरा दिवसांत ओढणं थांबलं. मला वाटलं, जमलं. मग त्याला पाणी पिताना ठसका लागायला लागला, रात्री खरखरत खोकायचा. आमच्या डॉक्टरांनी गळा चाचपून पाहिला, तर आतून सुजलेला. साखळी काढली, औषधं झाली, खोकला गेला. पण त्यानंतर मी गळ्याकडे हात नेला की मोती मान आत घ्यायचा. तो चौदा वर्षं जगला आणि शेवटपर्यंत मान आत घेत राहिला. मी त्याला फिरायला कसं चालायचं ते शिकवलंच नव्हतं. माझा हात लागला की दुखतं, एवढंच शिकवलं होतं.

गळ्यात काय काय असतं ते पाहा. कुर्चेच्या कड्यांची श्वासनळी, अन्ननळी, थायरॉइडची ग्रंथी, डोक्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. पट्टा गळ्यात रुतला की डोळ्यांतला दाबसुद्धा वाढतो. साध्या पट्ट्यानेही हे होतं, मग आवळणाऱ्या साखळीचं आणि आतून खिळे असलेल्या पट्ट्याचं काय सांगावं. त्या गृहस्थांना नम्रपणे नको म्हणा.

घ्यायचं काय, तर छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा. पाठीवर कडी असलेला साधा हार्नेस घेतलात तर शेरू बैलगाडी ओढल्यासारखा मजेत ओढेल, कारण जोर पूर्ण छातीवर येतो आणि कुठे दुखत नाही. कडी छातीच्या मधोमध असली की ओढताक्षणी त्याचं अंग बाजूला, तुमच्याकडे वळतं आणि जोर निघून जातो. दोन्ही कड्या असलेला मिळाला तर उत्तम. का, ते पुढे सांगते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत आणि काखेत घासता कामा नये. पावसाळ्यात ओला राहिला तर तिथलं कातडं सोलवटतं. दोरी सहा फुटांची, सुती, रुंद पट्टीची घ्या. आपल्या दमट हवेत हाताला घाम येतो आणि नायलॉन सटकतं, झटका बसला तर तळहात कापतंही. डबीतून आपोआप लांब होणारी दोरी मात्र आणू नका. तिच्यात कायम थोडा ताण असतो, आणि ताण असतानाच पुढे जाता येतं हे ती कुत्र्याला दर पावलाला शिकवते.

दोरी मनगटाला किंवा बोटांना कधीच गुंडाळू नका. तुमचं मनगट तसंच मोडलं असावं असा माझा अंदाज आहे. फासा अंगठ्यात अडकवा, मूठ मिटा आणि मूठ पोटाशी धरा. मग झटका हातावर न येता सगळ्या अंगावर येतो. आणि पायात चप्पल नको, मागून बंद असलेले बूट. पाऊस सुरू झाला की चिऱ्यांवर शेवाळ येतं, तिथे चपलेवर ३१ किलोचं कुत्रं सांभाळता येत नाही.

आमच्या वडिलांकडे बैलजोडी होती. वायंगणात नांगर धरायचे तेव्हा कासरा त्यांच्या हातात असायचा, पण सैल. मी लहानपणी एकदा तो हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला, तर बैल उभेच राहिले. वडील म्हणाले, “तू सारखी बोलतेस, मग त्यांना कळणार कसं कधी काय म्हणतेस ते?” शेरूच्या दोरीचंही असंच झालं आहे. ती सतत ताणलेली आहे, म्हणून तिचा त्याला काही अर्थच लागत नाही. आता तिला दोनच अर्थ द्यायचे : सैल म्हणजे चालायचं, ताणली म्हणजे सगळं थांबलं.

घरातली सुरुवात अशी. उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्यापेक्षा लहान तुकडे करा, मीठमसाला नको. उकडलेलं अंडं किंवा कणगं, म्हणजे रताळंही चालेल. सुकट देऊ नका, फार खारट असते. चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेजसुद्धा नको, त्यात लसूण, मीठ, तिखट सगळंच असतं. हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा, लॅब्रडॉर पाहता पाहता लठ्ठ होतो. डब्यातून चार-पाच तुकडे डाव्या मुठीत घ्या आणि घरात चाला. शेरू आपणहून तुमच्या डाव्या पायाशी आला की तिथेच, तुमच्या पायाच्या शिवणीपाशी, तुकडा द्या. हात पुढे करून देऊ नका, नाहीतर तो पुढे चालायला शिकेल. दोन-तीन दिवसांत तो त्या जागेवर चिकटून चालेल. मग एक शब्द जोडा. मी ‘हांगा’, म्हणजे ‘इथे’, म्हणते. आपल्या तोंडात बसलेला, छोटा, रागात वेगळा न वाटणारा कुठलाही शब्द चालेल. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. त्याहून जास्त नको, दोघंही कंटाळाल.

मग आंगणात, हार्नेस घालून. हे करायला दुसरं कुणीतरी धडधाकट माणूस घ्या, तुमचा हात बरा होईपर्यंत दोरी त्यांच्याकडे आणि खाऊ तुमच्याकडे. दोरी सैल असलेल्या प्रत्येक पावलाला तुकडा. मग दर दोन पावलांना, मग कधी तीन, कधी सात, असं अनियमित. दोरी ताणली गेली की जागच्या जागी उभं राहायचं. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही, नाव घ्यायचं नाही. तो आधी ओढत राहील, मग वळून बघेल. वळून बघताना दोरीला झोळ पडतो. पडला की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि पाऊल पुढे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जायला वीस मिनिटं लागली तर ती वीस मिनिटं चांगली गेली असं समजा. नुसतं थांबून भागलं नाही आणि तो तिथेच ताणून उभा राहिला, तर शांतपणे उलट दिशेला वळा. त्याला जिथे जायचं होतं ते ठिकाण ओढल्यामुळे लांब गेलं, हे त्याला तीन-चार वळणांत कळतं.

खाऊपेक्षाही मोठं बक्षीस त्याच्या नाकाला द्या. दहा पावलं सैल दोरीवर चालला की ‘जा, हुंग’ म्हणा आणि त्याला झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाशी मनसोक्त वास घेऊ द्या. तुम्ही त्याच्यामागे जा, पण दोरी सैल ठेवूनच. अनेकांना वाटतं, फिरायला नेलं म्हणजे झपाझप चालवलंच पाहिजे. माझ्या मते वीस मिनिटं हुंगत फिरलेलं कुत्रं तासभर फरफटत नेलेल्या कुत्र्यापेक्षा घरी येऊन शांत झोपतं. पावसात मात्र झुडपांत आणि पाचोळ्यात तोंड घालू देऊ नका, आपल्याकडे घोणस असते. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी बघा.

आता पोदेर. आधी त्याला विचारा, त्याने कधी शेरूला पावाचा तुकडा टाकला आहे का. मला वाटतं, टाकला असेल. इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं की अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. तुमच्याकडे पोदेराच्या हॉर्नने तेच घडतं आहे. तो हॉर्न बंद करता येणार नाही, पण त्याच्या पुढे काय मिळतं ते बदलता येतं. सकाळ-संध्याकाळ, फाटक बंद ठेवून, घराच्या आतल्या बाजूला उभ्या राहा. हॉर्न लांबून ऐकू आला की लगेच कोंबडीचा तुकडा. पुन्हा वाजला, पुन्हा तुकडा. आठवडाभरात हॉर्न वाजला की शेरू फाटकाकडे न पाहता तुमच्याकडे पाहील. मग पायरीवर, मग फाटकाच्या आत, मग रस्त्याच्या पलीकडे. ज्या अंतरावर तो हॉर्न ऐकूनही खाऊ घेतो, ते अंतर बरोबर. खाऊकडे पाहतच नाही, म्हणजे फार जवळ गेलात. चार पावलं मागे या. पोदेराला पाव शेरूच्या तोंडात न देता तुमच्या हातात द्यायला सांगा. मी सांगितलं की आमचा पोदेर लगेच ऐकतो, कारण त्यालाही सायकलवर कुत्रं धावून यायला नको असतं.

रस्त्यावरची कुत्री हा वेगळा विषय, पण तुम्हाला ती भेटणारच. निर्बीजीकरण झालेलं कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडायचं असा २०२३ चा केंद्राचा नियम आहे. म्हणजे तुमच्या वळणावरची टोळी तिथेच राहणार. ती कुठे बसते ते दोन दिवस पाहून ठेवा आणि तिथून अर्धवर्तुळ काढून जा. शेरूला आखडून धरलंत तर त्याची मान ताठ होते आणि समोरचीही तसंच उत्तर देतात. अगदी अंगावर आलीच, तर मूठभर खाऊ त्यांच्या पुढ्यात फेकून बाजूने निघा, पळू नका. २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेच्या तुकड्या गोव्यात गावोगाव फिरून या कुत्र्यांना लस देत आल्या आहेत, अंगावर रंगाची खूण केलेली कुत्री तुम्ही पाहिली असतील. तरीही शेरूची लस दर वर्षी चुकवू नका. आणि कुणाला दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इस्पितळात जा.

शेवटी मुलगा. तो येईल, शेरू त्याला खेचत पळेल, त्याला त्यात आनंद वाटेल आणि दोन महिन्यांत तुमचं सगळं पुसलं जाईल. कधी ओढल्यावर जाता येतं आणि कधी नाही, असं झालं की कुत्रं आणखी चिकाटीने ओढतं. म्हणून मघाशी दोन कड्यांचं म्हटलं. छातीची कडी म्हणजे आईबरोबरचा नियम, पाठीची कडी म्हणजे मुलाबरोबरचं धावणं. कुत्र्यांना हा फरक नीट कळतो, पट्टा घालतानाच कळतो. मुलाला आजच फोनवर हे सांगा, आणि तो येईपर्यंत थांबू नका. शांत गल्लीत नीट चालायला तुम्हाला महिना-दीड महिना लागेल. बाजारच्या दिवशी म्हापशात न्यायचं असेल तर बरेच महिने, आणि खरं सांगायचं तर शुक्रवारच्या त्या गर्दीत कुत्र्याला नेऊच नये.

देऊन टाकायचं का, ते तुम्ही विचारलेलं नाही, शेजाऱ्यांनी सुचवलं. लॅब्रडॉर मुळात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांपासून आलेला आहे. ती कुत्री मासेमारांबरोबर होडीत असायची, जाळी आणि सुटलेले मासे पाण्यातून ओढून आणायची. असा जीव दिवसभर माडाखाली उभा आहे. त्याला काम हवं आहे. बाय, तुमच्यापाशी बसून ‘हांगा’ म्हटल्यावर पायाला चिकटणं हेसुद्धा त्याच्यासाठी काम आहे. आज संध्याकाळी सुरू करा.

प्रश्न : मी मांद्र्याला राहतो. माझी कुत्री किनाऱ्यावर गेली की पाण्याकडे एवढी ओढते की शेवटी मी तिला सोडून देतो. सकाळी माणसं नसतात. सोडण्यात काही चूक आहे का?

उत्तर : ओढल्यावर सोडलंत, म्हणजे ओढण्याची सगळ्यात मोठी बिदागी दिलीत. पुढच्या वेळी ती घरापासूनच ओढेल. पण माझा आक्षेप त्यापेक्षा मोठा आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला पन्नासएक दिवस लागतात. कुत्र्याच्या नाकाला वाळूखालचं घरटं सापडतं, आणि सापडलं की ते उकरतं. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वांत वरच्या यादीत ठेवलं आहे, पण तुमच्या कुत्रीला कायदा माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी एकदा सकाळी उकरलेलं घरटं पाहिलं आहे. आजूबाजूला फक्त कुत्र्याच्या पावलांचे ठसे आणि अंड्यांची टरफलं होती.

त्या महिन्यांत तिला किनाऱ्यावर मोकळी सोडू नका. हार्नेसच्या पाठीच्या कडीला दहा मीटरची लांब दोरी लावा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नको, कारण दहा मीटर धावून बसलेला झटका मानेवर येतो. ओल्या वाळूच्या पट्ट्यातूनच चाला, वेलींच्या आणि कोरड्या वाळूच्या बाजूला जाऊ नका. पाण्याकडे जाण्याआधी तिने एकदा तुमच्याकडे वळून पाहिलं आणि दोरीला झोळ पडला की ‘चल’ म्हणा आणि दोघं मिळून पाण्यात पळा. पाणी हेच तिचं बक्षीस, कोंबडीची गरज पडणार नाही. रापण ओढून झाल्यावर किनाऱ्यावर टाकून दिलेल्या मासळीपासून मात्र सांभाळा. त्यात केंड नावाचा विषारी मासा असतो, तो खाल्ला तर कुत्रं वाचवणं अवघड होतं. खारं पाणी पिऊन जुलाब होतात, म्हणून निघताना घरचं पाणी आणि वाटी बरोबर घ्या.

प्रश्न : आमचा पग ओढत नाही, उलट रस्त्यात बसकण मारतो. मडगावला फ्लॅटमध्ये राहतो, कामावरून आल्यावर साडेचारला फिरवतो. हट्टी आहे असं समजून ओढून नेतो. बरोबर आहे का?

उत्तर : ओढून नेऊ नका, आजपासून. साडेचारला डांबर तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवून पाहा. ठेववली नाही तर त्याच्या पायांनाही चालवत नाही. त्यात पगचं तोंड चपटं, नाक आखूड, आपल्या दमट हवेत त्याला धाप टाकूनही अंग थंड करता येत नाही. बसकण मारून तो तुम्हाला तेच सांगतो आहे. जीभ गडद लाल झाली, लाळ दाट झाली, पाय लटपटले तर त्याला सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. फिरायला सकाळी सहाला किंवा रात्री आठनंतर न्या, गळ्यात पट्टा नको, हार्नेसच. आठवडाभर असं करून बघा आणि हार्नेस हातात घेतल्यावर तो आपणहून दारापाशी येऊन उभा राहतो का, ते मला कळवा.